चारच्या पाढ्यातल्या नाड्या

सिस्टर, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतंय.

राजारामपुरीतल्या आपल्या दवाखान्यात मी नुकताच ब्रदर म्हणून लागलो होतो. एका सकाळी तुम्ही माझे तक्ते चाळताय आणि सगळ्या वॉर्डादेखत विचारताय, "काय रे, तुझ्या पेशंटांच्या नाड्या चारच्या पाढ्यातच कशा बसत्यात? बहात्तर, शहात्तर, ऐंशी?" मी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणत होतो. तुम्ही मला खिडकीजवळच्या म्हाताऱ्यापाशी नेलंत आणि त्याचं मनगट माझ्या हातात दिलंत. चाळिसाव्या सेकंदाला एक ठोका गळला. म्हातारा म्हणाला, "बाई, पोराला रागवू नगा. चूक माझ्या काळजाची हाय." तुम्हीसुद्धा हसलात. त्या दिवसापासून मी पूर्ण मिनिट मोजतो.

पुढं तुम्ही निवृत्त होऊन हातकणंगल्याला गेलात आणि एकदा मला बोलावून नर्सिंगच्या पदवीचा फॉर्म हातात ठेवलात. "डिप्लोम्यावर किती दिवस काढणार? तुला शिकवता येतंय. जा." मी आठवडाभर कागद काळे केले. दोन वर्षं बिनपगारी, वर फी, मुलीची शाळा. आणि एवढं करून परत त्याच वॉर्डात, पगारात जरासा फरक. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी ते सगळं वाचून दाखवलं. तुम्ही चहा गाळता गाळता ऐकत होतात. मग म्हणालात, "बेरीज बरोबर हाय. पण हे बी पंधरा सेकंदांचंच की. पुढची वीस वर्षं कुठं मोजलीस?" मी म्हणालो, मुलीची शाळा आहे. तुम्ही कप पुढं केलात आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत.

बेरीज खरी होती, कारण खोटं होतं. मी गावच्या शाळेत शिकलेला. डिप्लोमा पाठांतरावर निभावला. पदवीच्या वर्गात माझ्याहून लहान मुलींपुढं उभं राहून इंग्रजीत बोलावं लागणार, या भीतीनं फॉर्म ट्रंकेत गेला. घरी मात्र मुलीच्या शाळेचंच कारण सांगितलं, आणि ते इतक्यांदा सांगितलं की मलाही खरं वाटू लागलं.

ती मुलगी आता नर्स आहे. तसलाच फॉर्म तिच्याकडं आलाय, सोमवारी मुदत संपते. काल जेवताना म्हणाली, "मी न्हाय भरत, बाबा. माझ्या शाळेपायी तुमचं राहिलं. आता माझ्या फीपायी अजून दोन वर्षं तुम्ही रात्रपाळ्या करायच्या व्हय?" मी ताटातली भाकरी मोडत राहिलो. रोज सकाळी बुद्धांच्या मूर्तीपुढं पंचशील म्हणतो. आज खोटं न बोलण्याच्या शीलाशी आवाज अडला. पाणी प्यायलो, पुन्हा म्हणायला लागलो, पुन्हा तिथंच अडला.

पदवीनं तिचं किती भलं होईल, मला ठाऊक नाही. पगार फार वाढणार नाही, हे मी आजही सांगू शकतो. पण ती जी बेरीज करतेय, तिच्यातला एक आकडा मी घातलेला आहे, आणि तो खोटा आहे. तो तेवढा काढून घ्यायचा, मग तिचं ती ठरवील.

आत ती भाकरी थापतेय, इथपर्यंत आवाज येतोय. हा कागद घडी घालून त्या जुन्या फॉर्मात ठेवतो आणि आत जातो. तिच्याआधी तुम्हाला सांगितलं, ते तुम्ही आता उलटून काही विचारणार नाहीत म्हणून.