ऑगस्टपर्यंत सिग्नल नाही

नाशिकरोड,
ज्येष्ठ, १९७९

चि. रंगनाथ यास निवृत्तीदादाचे अनेक आणि उत्तम आशीर्वाद. (दोन्ही विशेषणं पूर्ण लिहिली आहेत. हल्ली लोक 'अ. उ.' एवढ्यावर भागवून आशीर्वादातही काटकसर करतात, आणि मग मुलं परदेशी जाऊन पत्रांत काटकसर करतात.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे. तुझी प्रकृती कशी आहे ते कळव. हा प्रश्न आत्ता रिवाजाचा वाटेल. पत्र संपेपर्यंत तसा वाटू नये अशी आशा आहे.

प्रथम एक गंभीर तक्रार. ती तुझ्याविरुद्ध नाही, सबंध इंग्रज राष्ट्राविरुद्ध आहे, पण तिकडे माझ्या ओळखीचा तूच असल्यामुळे तुझ्याकडे नोंदवतो. शून्य आपण शोधलं आणि या लोकांना वापरायला दिलं. त्यावर त्यांनी आगगाड्या, बँका आणि साम्राज्य चालवलं. आपण कधी भाडं मागितलं नाही. आणि फुटबॉलचा निकाल सांगताना हेच लोक शून्याला शून्य म्हणत नाहीत, झीरोही म्हणत नाहीत, 'निल' म्हणतात. तुझ्या वहिनीची वर्षभर समजूत होती की नील नावाचा कुणी खेळाडू आहे आणि तो दर आठवड्याला पडत्या बाजूकडूनच खेळतो. "एवढा अपशकुनी आहे तर त्याला घेतात तरी कशाला," असं ती मला विचारायची. मी संस्कृतचा शिक्षक. मुलांना 'पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं' हे समजावणं सोपं जातं. निलचं जमलं नाही.

आता हे फुटबॉल माझ्या घरात कसं शिरलं याची उजळणी करतो. (तुला माहीत आहे, पण उजळणी घेतल्याशिवाय मला पुढचा धडा सुरू करता येत नाही.) आपले अण्णा, म्हणजे माझे चुलते आणि तुझे तीर्थरूप, मनमाडला मालगाडीचे गार्ड होते आणि रेल्वेच्या संघातून अनवाणी फुलबॅक खेळत. तू नॉटिंगहॅमला सायकलच्या कारखान्यात लागलास, आणि तिथला फॉरेस्ट नावाचा संघ वरच्या वर्गात चढून पहिल्याच वर्षी पहिला आला. (नवा मुलगा पहिला आला की शिक्षक म्हणून मला आधी कॉपीची शंका येते, पण ते असो.) त्या भरात तू लिहिलंस, 'फॉरेस्ट हरत नाही तोवर मी मजेत आहे असं समजा, पत्राची वाट बघू नका.' तू हे विनोदानं लिहिलंस. रेल्वेच्या नियमांत विनोद नावाचा सिग्नल नाही. अण्णांनी ते शब्दशः घेतलं. आणि तो संघही असा चमत्कारिक की लीगमध्ये ओळीनं बेचाळीस सामने हरलाच नाही. महिनेच्या महिने तू पत्र लिहिलं नाहीस तरी घरात कुणी चकार शब्द काढला नाही. अण्णा मनमाडहून दर शनिवारी माझ्याकडे मुक्कामाला येत, आणि दर रविवारी सकाळी माझा ट्रान्झिस्टर बीबीसीवरून तुझी खुशाली सांगत होता. अण्णांचं गाऱ्हाणं एकच होतं. "नाव जंगल अन् कपडे लाल? हिरवा बावटा दाखवायचा सोडून?"

तुझं शेवटचं पत्र सप्टेंबरातलं. त्यात तू लिहिलं होतंस की युरोपच्या करंडकात पहिल्याच फेरीत आम्ही लिव्हरपूलला धूळ चारली, आणि खोली बदलतो आहे, नवा पत्ता मागाहून. तो मागाहून अजून आलेला नाही. दिवाळीत अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. (कळवलं होतं. पोचलं नसेल तर हे कळवणं समज.) मी त्यांना कायमचं माझ्याकडे नाशिकरोडला आणलं. जीभ थोडी जड झाली, पण डोकं शाबूत. संघ जिंकत असताना हे कसं झालं, असं मी चेष्टेनं विचारलं, तर म्हणाले, "ती निशानी रंग्याची हाय. माझी नाय." ट्रान्झिस्टरच्या खरखरीनं त्यांना घेरी येऊ लागली म्हणून डॉक्टरांनी तो त्यांच्या खोलीतून हलवायला सांगितलं. तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत निकाल ऐकून आत जाऊन सांगतो. अण्णा गळ्यातली गार्डाची शिट्टी धरून पडलेले असतात. "काय म्हनतंय नाटिंगम?"

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. तिकडे निकाल वाचणारा गृहस्थ पहिल्या संघाचं नाव साधं घेतो, पण दुसऱ्याचं नाव घेतानाच त्याचा स्वर फुटतो. चढला तर दुसरा जिंकलेला, पडला तर हरलेला, सपाट राहिला तर बरोबरी. आकडा मागून येतो. उदात्त-अनुदात्त शिकायला मी पाठशाळेत छड्या खाल्ल्या आहेत आणि हा मनुष्य ते कोट घालून सहज करतो. अण्णांना इंग्रजी बेताचं, पण ही खुबी त्यांनी माझ्याआधी ओळखली होती. हे मी विसरलो. स्वराचा अपराध किती महागात पडतो हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगतो: इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून यज्ञ केला, मंत्रात एक स्वर चुकला, आणि इंद्राच्या हातून मरणारा मुलगा झाला. वर्ग हसतो. मीही हसायचो.

डिसेंबरातल्या त्या रविवारी लिव्हरपूल टू, फॉरेस्ट निल. 'फॉरेस्ट' म्हणताना त्या गृहस्थाचा आवाज विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली गेला. तुझी वहिनी दारातच उभी होती. निकाल तिला कळला नाही, माझा चेहरा कळला. "सांगू नका," म्हणाली. मी आत गेलो आणि म्हटलं, "लिव्हरपूल वन, फॉरेस्ट वन." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"बरं," म्हणाले. मग जरा वेळानं, "शेगडी पेटव रं."

"थंडी वाजते का?"

"मला नाय. त्याला."

शेगडी त्यांनी आपल्या खाटेपाशी ठेवू दिली नाही. समोरच्या भिंतीशी, जिथे काहीच नाही, तिथे ठेवायला लावली आणि निखारे विझेपर्यंत तिकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारपासून निकाल सांगून झाला की मला उलट वार्ता मिळू लागली. एक खोली आहे. खिडकीबाहेर विटांची भिंत, ओली. एक किटली, तिच्या दांडीला सुतळी गुंडाळलेली. भिंतीवर आपल्याकडचं गणपतीचं कॅलेंडर, पान सप्टेंबरचं. फॉरेस्ट जिंकलं तर अण्णा म्हणत, "आज दिवा लावलाय." बरोबरी झाली (आणि या हंगामात तुमच्या संघानं बरोबऱ्यांचा रतीब घातला) तर म्हणत, "अंधारात बसलाय, पर हाय." मी स्वतःला समजावलं की इंग्लंडात विटांच्या भिंती असतात हे कुणीही सांगेल, आणि पाऊस तर तिथला राष्ट्रीय उद्योग आहे. सुतळीच्या बाबतीत स्वतःला काही सांगता आलं नाही.

शेजारी भिमाजी आहेत, नोटांच्या प्रेसमध्ये असतात. त्यांच्या कानावर हे गेलं आणि मला न विचारता ते विंचूरहून एक भगत घेऊन आले. भगतानं अण्णांची नाडी पाहिली, तांदूळ टाकले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाधा कोन्या गावची?" मी म्हटलं, नॉटिंगहॅमची. "येष्टी जाती का?" म्हटलं, नाही. "वाटंत पानी हाय?" म्हटलं, समुद्र आहे. तो गंभीर झाला. म्हणाला, पाण्यापलीकडं आपली विद्या चालत नाही. चहा घेऊन गेला. नाशिक जिल्ह्यात स्वतःच्या विषयाची मर्यादा इतकी स्वच्छ सांगणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

एप्रिलात युरोपच्या करंडकाची उपांत्य फेरी, कोलोन नावाच्या जर्मन संघाशी. एक सामना आपल्या गावी, एक त्यांच्या गावी, आणि बरोबरी झाली तर बाहेरगावी केलेला गोल जड. (घरच्यापेक्षा तीर्थातलं पुण्य जड, हा नियम त्यांनी आपल्या रामकुंडावरून नेला असावा.) पहिला सामना नॉटिंगहॅमला, तीन-तीन. तिसरा गोल जर्मनांकडून एका जपानी माणसानं केला, तोही बदली येऊन. त्या दिवशी खोटं बोलायची गरज नव्हती. बरोबरी ती बरोबरी. मी सपाट स्वरात सांगितलं. अण्णांनी शिट्टी मुठीत आवळली.

"खोलीत कुनीतरी आलंय."

"कोण?"

"रंग्याच्या खाटंवर बसलाय. पाठमोरा. सदरा रंग्याचाच. पर रंग्या नाय त्यो."

दोन प्रहरची वेळ, बाहेर लख्ख ऊन, भिमाजींच्या अंगणात पापड वाळताहेत. मी मुलांना विभक्ती विचारतो तशा आवाजात विचारलं, "मग रंगनाथ कुठे आहे?"

"जिन्यात हुबा हाय. वर यंना."

पुढचे दोन आठवडे अण्णांनी भाकरी नुसती कुस्करली. कधीही विचारा, "अजून बसलाय." तुझ्या वहिनीनं मला घरात पाठमोरं बसायची बंदी केली. मी दाराकडे तोंड करून वह्या तपासायचो, ती चुलीकडे पाठ करून स्वयंपाक करायची, आणि दोनदा आमटी करपली. परतीच्या सामन्यात फॉरेस्टनं कोलोनला त्यांच्या गावी एक-शून्यानं हरवलं. मी ऐकून उठलो, अण्णांच्या उंबऱ्याशी पोचलो, तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "ग्येला." आणि भाकरी मागितली. (माझ्या पावलांनाही स्वर असतात हे मला माहीत नव्हतं.)

मधल्या काळात संघ लीगमध्ये आणखी एकदोनदा हरला. तेव्हाही मी बरोबरीच सांगितली, आणि सरावानं आता आवाज चांगला लागतो अशी माझी समजूत होती. शेवटी लीगमध्ये दुसरा नंबर आला, लिव्हरपूलच्या मागे. आणि मे सरता सरता म्युनिकला युरोपच्या करंडकाचा अंतिम सामना, माल्मो या स्वीडनच्या संघाशी. दहा लाख पौंडांना घेतलेल्या माणसानं डोक्यानं गोल केला. (एवढी किंमत पडली की पाय वापरावे लागत नसावेत.) सकाळी निकाल ऐकला, तुझ्या वहिनीनं पेढे मागवले. मी आत जाऊन खणखणीत म्हटलं, "फॉरेस्ट वन, माल्मो निल." आवाज 'माल्मो'वर पडला, शास्त्रोक्त पडला. अख्ख्या युरोपात पहिला नंबर, म्हणजे तुझ्या हिशोबानं तू आता सर्वांत मजेत.

अण्णा हसले नाहीत. "आता खरं बोललास," म्हणाले.

"म्हणजे?"

"डिसेंबरात हरले व्हते. फॉरेस म्हनताना तुझा आवाज पडला व्हता. मागल्या म्हैन्यात बी पडला."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तू एवढा घामाघूम व्हऊन बोलत व्हता. म्हटलं, याला तरी बरं वाटू दे."

पेढ्याचा तुकडा मोडून त्यांनी हातात धरला, खाल्ला नाही. "आता पुढला खेळ कवा?"

मी सांगितलं की हंगाम संपला, आता ऑगस्टात.

"म्हंजी ऑगस्टपोत्तर सिग्नल नाय." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "सिग्नल नसला का गाडी हुबी ठिवायची. दुसरं काय."

तेव्हापासून त्यांना खोली दिसत नाही. पंचवटी एक्सप्रेस गेली की पूर्वी मान वळवायचे, आता वळवत नाहीत. शिट्टी माझ्या टेबलावर आहे. हंगामाचा वृत्तांत इथे संपला. तिकडे थंडीवाऱ्याचा जप, आणि लाल कपड्यांबद्दल तुझ्या संघाला समज दे.

तुझा
निवृत्तीदादा

ता. क. – नव्या हंगामाचं वेळापत्रक छापून आलं की लगेच पाठव, म्हणजे अण्णांना तारखा सांगता येतील.

ता. क. २ – वेळापत्रक राहू दे, त्याला वेळ लागेल. तुझ्या वहिनीला निलचा अर्थ आता नीट कळला आहे. पोस्टमन गल्लीत आला की ती दारातूनच विचारते, "निल का?" आणि तो मान हलवतो.

ता. क. ३ – वर मी एक गोष्ट लिहिली नाही. गेल्या रविवारी सवयीनं ट्रान्झिस्टर लावला. क्रिकेट चाललं होतं. त्या खरखरीत मला किटली दिसली. दांडीला सुतळी होती. झाकण नव्हतं, आणि हे झाकणाचं अण्णा कधी बोलले नव्हते. मी त्यांना विचारलं नाही, वहिनीला सांगितलं नाही. तुझ्याकडे तशी किटली आहे का ते मला कळायला नको.

रंगनाथ, सप्टेंबरानंतर तुझी ओळ नाही. माझी पत्रं जुन्या पत्त्यावर जातात आणि परतही येत नाहीत. तू आहेस की नाहीस हे मला ठाऊक नाही, आणि मला भीती वाटते. 'मी आहे' एवढंच लिही. मी ते अण्णांना वाचून दाखवीन. आवाज पडणार नाही.