कंदीलभैया, भाग दोन

जबलपूर,
७ ऑक्टोबर २०२३

प्रिय श्रीकांत,

फोन सोडून आईनं पत्र काहून लिहिलं म्हणून घाबरू नको. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर. पण फोनवर मी नुसता मागच्या घराचा विषय काढला की तुझी लगेच मीटिंग निघते. पत्राला मीटिंग नसते. विनताला मी सांगूनच ठेवलंय, पत्र पूर्ण वाचल्याशिवाय तुला चहा द्यायचा नाही.

तर बातमी अशी की गेम झाला. तुमचा कंदीलभैया, भाग दोन. तू म्हणशील, कोणता गेम? म्हण, खुशाल म्हण! पण तू दहा वर्षांचा असताना बाबांनी कमानिया गेटजवळून आणलेला तो व्हिडिओ गेम तू विसरला असशील, हे मला कोणी देवाची शपथ घेऊन सांगितलं तरी खरं वाटणार नाही. पिवळी कॅसेट, आणि तिच्यात हातात कंदील घेऊन गुहेतून चालणारा एवढासा माणूस. त्याचं नाव परक्या लिपीत होतं, म्हणून तुम्हीच त्याचं बारसं केलं, कंदीलभैया. मागच्या घरातला शैलेंद्र शाळेतून दप्तरासकट आपल्याकडे येऊन बसायचा आणि त्याची आई भिंतीवरून हाका मारून मारून थकायची. तो माणूस शेवटी एका नदीकाठी येऊन उभा राहायचा आणि खेळ संपायचा. पुढचं दुसऱ्या भागात, म्हणे. तो दुसरा भाग आलाच नाही, गेम बनवणारी कंपनीच बुडाली. तुम्ही दोघं दोन दिवस नीट जेवला नव्हता, अरे!

मग कॉलेजात गेल्यावर तुम्हीच ठरवलं, कोणी बनवत नाही तर आपण बनवू. विकायचा नाही, ज्याला ज्याला कंदीलभैया आठवतो त्याला फुकट द्यायचा. आणि नदी आपली नर्मदाच ठेवायची. तीन वर्षं तुम्ही त्या कॉम्प्युटरला चिकटला होता. बाबा म्हणायचे, ही पोरं फॅक्टरीत एवढी राबली असती तर फोरमन झाली असती. पण चित्रं काही तुम्हाला जमत नव्हती. तुमचा कंदीलभैया चालताना उंदरासारखा दिसायचा. एकदा मी चहा द्यायला आले आणि पाहिलं तर पडद्यावर सगळे चौकोनच चौकोन. म्हटलं, अरे, हे तर मॅटीवरचं भरतकाम! चौकोन मोजायचे आणि एकेक फुली भरायची. माझ्या माहेरच्या उशांवर मी असे किती मोर काढलेत. तेव्हापासून तुम्ही मला आलेखाची वही आणून देऊ लागला आणि मी भाज्या चिरून झाल्या की रंगीत पेन्सिली घेऊन बसू लागले. सोळा घरं रुंद, चोवीस घरं उंच, एवढ्यात अख्खा माणूस बसवायचा. भेडाघाटच्या संगमरवराला रंग भरायचाच नाही, घर कोरं सोडायचं, ही युक्ती माझी. तेव्हा तू मला उचलून गरगर फिरवलं होतं. त्या दिवसाइतकी खूश मी तुझ्या लग्नातही नव्हते. विनताला हे वाक्य वाचून दाखवू नको.

पुढचं तुला माहीत आहे, आणि तुला जे माहीत आहे तेच इथं आधी लिहिते. डिसेंबरात वीज खालीवर झाली आणि कॉम्प्युटरची हार्डडिस्क उडाली. सगळं काम असलेली एकच सीडी उरली होती, ती तू शैलेंद्रजवळ दिली होतीस. त्यानं सांगितलं, मी ती दिवाळीआधीच तुमच्या घरी आणून ठेवली. तू मला विचारलंस. मी म्हटलं, माझ्या हातात कोणी काही दिलं नाही. मग तू अंगणात उभा राहून त्याला खोटारडा म्हणालास, भिंतीपलीकडं त्याच्या आईला ऐकू जाईल असं. जानेवारीत नोकरीसाठी बंगलोरला गेलास. सतरा वर्षं होत आली. बाबांच्या तेराव्याला तो सकाळपासून पंगतीत वाढून राहिला होता आणि तू त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मला तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

तू गेल्यावर महिन्याभरानं तो आला. हातात नवीन आलेखाची वही. म्हणाला, काकू, मैं फिर से शुरू कर रहा हूँ, चित्रं काढून द्याल का? त्याचं मराठी अजून तसंच आहे, एक पाय इकडे, एक तिकडे. तेव्हापासून दर रविवारी तो येतो, मी पोहे करते आणि आम्ही कामाला बसतो. मध्ये त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान निघालं, हेमलताशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. दोनदा त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागलं, कारण म्हणे जुन्या पद्धतीचं आता नवीन मशीनवर चालत नाही. मला वाटलं, आता सोडेल. छे! सोडेल तो शैलेंद्र कसला. आमचं भांडणही एकदाच झालं. माणूस उजवीकडून डावीकडे वळला की कॉम्प्युटर ते चित्र उलटवून टाकतो, त्यामुळं कंदील या हातातून त्या हातात जातो. मी म्हटलं, चालणार नाही. माणूस नुसता वळला म्हणून हात बदलतो काय? तो म्हणे, काकू, कोणी बघत नाही. मी बघते, म्हटलं. मग प्रत्येक चित्र दोनदा काढलं. सत्तावीस वह्या झाल्या, लोखंडी पेटीत आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाचे तीन महिने काय ते रविवार रिकामे गेले. तुला यातलं काही सांगितलं नाही, कारण तू म्हणाला होतास, त्याचं नाव या घरात नको. नाव नाही घेतलं. पोहे दिले.

आता कोजागिरीला तो गेम सगळ्यांसाठी खुला करणार होता. जुने कंदीलभैयावाले कुठून कुठून त्याला लिहून राहिलेत, कधी, कधी म्हणून. पण गाडी अडली आहे ती तुझ्यापाशी. सुरुवातीला नावं येतात ना, त्यात त्यानं पहिलं नाव तुझं टाकलंय. दुसरं त्याचं. तिसरं भानुमतीकाकू, म्हणजे अस्मादिक! तुझा होकार आल्याशिवाय तो गेम खुला करणार नाही म्हणतो, आणि तुझं नाव काढणार तर मुळीच नाही. नदीच्या पलीकडं कंदीलभैयाला एक दुसरा कंदीलवाला भेटतो. मी त्याला निळं स्वेटर घातलंय, डाव्या कोपराला ठिगळ असलेलं. ते स्वेटर तुझंच, हे सांगायला नको.

आता खरं लिहिते, ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले. शैलेंद्र खोटं बोलला नव्हता. तो सीडी घेऊन आला तेव्हा मी चकल्या तळत होते. वर न बघताच म्हटलं, ठेव तिथं टीव्हीवर. हातात दिली नव्हती, म्हणून माझ्या लक्षातच राहिलं नाही. मग दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीवरच्या, कपाटातल्या, मासिकांसोबत फुकट आलेल्या सगळ्या सीड्या गोळा केल्या आणि परसातल्या जांबाच्या झाडाला टांगल्या, पोपट येऊ नयेत म्हणून. विनताच्या पुण्याकडं पेरू म्हणतात, ते झाड. तुमच्या भांडणानंतर तिसऱ्या दिवशी मी जांब तोडायला गेले आणि डोळ्यांसमोर एक सीडी फिरली. तिच्यावर तुझं अक्षर. उन्हानं पापुद्रे सुटले होते. मला त्याच क्षणी तुला हाक मारायला हवी होती. नाही मारली. तू चार दिवसांत जाणार होतास आणि माझ्यावर चिडून जाशील, याची मला भीती वाटली. मी ती तशीच राहू दिली. महिन्याभरानं शैलेंद्र वही घेऊन आला तेव्हा त्यानं ती झाडावर पाहिली. काढली, पुसली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, काकू, श्रीकांतला सांगू नका, मुझसे नाराज़ है तो चलेगा, तुमच्यावर नको. आणि पाणी मागितलं. मी सतरा वर्षं त्याच्या चांगुलपणाची सावली घेऊन बसले रे. आता पंच्याहत्तरी जवळ आली, हे घेऊन मला जायचं नाही. सोबत ती सीडी पाठवते आहे. भोकात अजून माझा भरतकामाचा निळा दोरा आहे. माझ्यावर रागव, पोटभर रागव, मला हक्कानं बोल. पण माझ्यावर रागवायला फोन करशील तो दुसरा फोन असू दे. पहिला त्याला कर. नंबर तोच आहे, त्यानं कधी बदलला नाही.

तुझीच, चुकलेली,
आई