डब्यातला डावा पाय

६ मार्च १९८३
आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, तेव्हा थापा नकोत.
डावा पाय गुडघ्याखाली नाही. ऑगस्टमध्ये ऊस भरताना ट्रॅक्टर मागे आला. चालवत होता धाकटा भाऊ बलराम. त्याला मी केव्हाच माफ केलंय. बोलत नाही, एवढंच. वेळ मिळत नाही.
दुखणं शून्य. नसलेला पाय दुखेल कसा?

७ मार्च
दुखला. बोटं आत वळून गच्च मिटलीत, नखं तळव्यात रुतताहेत. उघडायची तरी काय? कुंती विचारत होती, चेहरा असा का. बायकोला सगळं सांगायचं नसतं. कोरेक, म्हटलं, सगळं ठीक.

११ मार्च, दुपार
मेहुणा जयदेव पोर्ट लुईच्या बंदरात कामाला. एका खलाशाकडून डोळ्यांना लावायचा डबा घेऊन आला. आत चित्रांची चकती. बघितलं की समोर बर्फाचे डोंगर, अगदी हात घालावा असे. पाच मिनिटं बघितलं. पाय बर्फात गार पडला, बोटं सैल!
इस्पितळातल्या डॉक्टरला हे सुचलं नाही. संकल्प: रोज दोनदा, दहा मिनिटं. तीन आठवड्यांत बरा. मग मराठी मंडळात लेक्चर. अध्यक्ष सत्यनारायणजींकडून ३ एप्रिल पक्की केली.

१५ मार्च
बर्फ चालेना. दोष माझा नाही, चकतीचा: तिच्यात पाय नाहीत. मला माझेच दोन्ही पाय दिसायला हवेत.

१९ मार्च
फ्लाक गावचा फोटोग्राफर हरिलाल म्हणतो, सोपं आहे. कॅमेरा जरा सरकवून दोन फोटो काढायचे, दोन्ही डोळ्यांना एकेक. पण पाय कोणाचे? जयदेवची बोटं भेंडीसारखी. कुंती म्हणाली, तुमच्यासारखा पाय एकाचाच आहे. विज्ञानाला इतकं लागत नाही, असं मी तिला सांगितलं. ती पिशवी घेऊन बलरामकडे निघाली. मी अडवलं नाही. कुबडी पुसत होतो.

२६ मार्च
फोटो चकतीत बसवून आले. माझी पँट घालून बलराम बसला होता. कुंती सांगत होती, फोटो झाल्यावरही कितीतरी वेळ त्याने पाय हलवला नाही. असले तपशील नकोत, म्हटलं.

२७ मार्च
डबा लावून खाली बघितलं तर दोन पाय. माझे. बोटं पसरलेली. माझीही पसरली. अकरा मिनिटं दुखलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. काच वाईट आहे.

३० मार्च
किरकोळ अडचण. डबा खाली ठेवला तरी पाय जात नाही. बोटं मिटत नाहीत आता. पाय दाबतो. सारखा खाली दाबतो, जसा क्लच दाबतात.

३ एप्रिल
लेक्चर. सतरा माणसं. दुखणं शून्य, असं म्हणतोय तोच पायाने दाबलं आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते कुंतीकडून कळलं: "बलराम, थांब!" लोकांना कार्यक्रमाचा भाग वाटला. हार घातला.

१० एप्रिल
बलराम आला. आठ महिन्यांनी. दारातच उभा. कुंतीने खुर्ची दिली.
"दादा, दुखतं?"
"अजिबात नाही."
त्याने मान हलवली. मग म्हणाला, "त्या दिवसापासून ट्रॅक्टरवर चढलो नाही. कांप दे मास्क गावात दुसऱ्याच्या वांग्यांत खुरपतो." मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.
"बूट ओला होता," तो म्हणाला. "क्लचवरून घसरला. रोज घसरतो."
चहा अर्धा टाकून तो उठला. ये पुन्हा, एवढं म्हणायचं होतं. तोवर तो रस्त्याला लागला. हाक मारायला उठलो, घाईत डावा पाय आधी टाकला, आणि पडलो.
कुंती धावत आली. जमिनीवरूनच तिला सांगितलं, दुखतंय.
कुठे, तिने विचारलं.
मला दाखवता येईना.