शेवटच्या बटणाची वायर

तीर्थस्वरूप मामांना, भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कुरकुर करतात का? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. (मजेत म्हणजे मला जेवण जात नाही, पण बाकी ठीक.) शनिवारच्या आतषबाजीची तुम्ही अजिबात काळजी करू नका. काळजी करायला मी आहे, आणि ते काम मी सकाळी उठल्यापासून मन लावून करतो आहे. फोनच केला असता, पण फोन मामी उचलते आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून बसतो. परवा असाच तिच्या कंबरेची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

तर फटाके उडवायचं नवं वायरलेस यंत्र आलं. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की तुमची जुनी बटणांची पेटी, जुन्या वायरी, जुने बोर्ड, सगळं याला चालतं, फेकायचं काही नाही. चालतं म्हणजे शेजारी ठेवलं तर भांडत नाही, एवढाच त्याचा अर्थ निघाला. पहिल्याच दिवशी प्लग बसेना. यंत्राची भोकं नाजूक आणि तुमच्या वायरींची टोकं अंगठ्याएवढी. आपला इलेक्ट्रिशियन (सगळे त्याला फ्यूज म्हणतात, कारण कुठेही काही बिघडलं की आधी तोच उडतो) दिवसभर जोडणीचे तुकडे बनवत बसला. मग गोदामातच चाचणी घेतली, फटाक्यांच्या जागी छोटे दिवे लावून. पहिलं बटण दाबलं आणि शेवटून दुसरी उडायची ती रांग सुरुवातीलाच भक्कन पेटली. बायको कौतुकाने बघायला आली होती, ती टाळ्या वाजवून घरी गेली. तिला वाटलं संपलं. मामा, पेटीवरचे आकडे तुम्ही उजवीकडून डावीकडे का घातलेत? फ्यूजचं म्हणणं, जोडताना तुम्ही पलीकडे बसला असाल, कारण पंखा तिकडे होता. असो. आम्ही यंत्रालाच उलटं मोजायला शिकवलं.

खरी भानगड पुढेच आहे. पहिल्या चाचणीला फ्यूजने तपासणी बंद ठेवली होती; ती चालू केल्यावर कळलं की हे यंत्र महासंशयी आहे. काहीही उडवण्याआधी ते प्रत्येक वायरीतून जराशी वीज सोडून बघतं की पलीकडे खरंच काही जोडलंय ना. एक जरी वायर तुटकी सापडली तर सगळाच कार्यक्रम अडवून धरतं. यंत्रावरचे सगळे दिवे हिरवे झाले, एक सोडून. शेवटचं मोठं लाल बटण. मामीचं. वायर बदलली, टोकं घासली, फ्यूज दोनदा उडाला आणि समजूत घालून खाली आणला. शेवटी पेटीचा तळ उघडला. मामा, तुम्ही हे काय करून ठेवलंय? त्या बटणाची वायर आत जाते, एक वळसा घेते आणि चिकटपट्टीच्या बोळ्यात संपते. पुढे काही नाही. इतकी वर्षं मामी दर कार्यक्रमाला टेबलाशी बसून, श्वास रोखून ते बटण दाबत आली, आणि शेवटच्या रांगेची खरी वायर निघते वेगळीच, पेटीच्या तळातून: ती उडवत होतात तुम्ही, टेबलाखालून, शिवणयंत्राच्या पायडलने. (हो, तेच पायडल. ज्याच्या चोरीवरून मामीने शेजारणीशी बोलणं टाकलं.)

कारण मला माहीत आहे, मी तिथंच होतो. तिच्या पहिल्याच कार्यक्रमात तुम्ही हात वर केला की तिने बटण दाबायचं, असं ठरलं होतं. पाहुण्यांचं भाषण चालू असताना तुम्ही डास हाकलायला हात वर केलात, तिने इमानदारीत बटण दाबलं आणि भाषण धुरात गेलं. चूक डासाची आणि तुमची. पण ते कबूल करण्याऐवजी तुम्ही गुपचूप वायर काढलीत, आणि मग सांगायचा धीर तुम्हाला कधी झालाच नाही.

आता माझं काय झालंय बघा. परवाच्या त्याच फोनवर मामी म्हणाली की शनिवारी मी येते, बटण मीच दाबणार, खुर्ची नेहमीच्या जागी ठेव. तुम्ही काम सोडल्यानंतरचा हा माझा पहिला कार्यक्रम, नदीकाठी अख्खं शहर जमणार, आणि पायडल काही नव्या यंत्राला चालत नाही (सगळं चालतं, त्यातलंच हे). फ्यूजने तोड काढली: बटणाला एक खोटा दिवा जोडू, यंत्राचं समाधान होईल, शेवटची रांग ते आपली आपण वेळेवर उडवेल, मामीने खुशाल दाबत बसावं. जोडलासुद्धा. लगेच हिरवा. यंत्र फसलं. आणि मला इतकं वाईट वाटलं मामा, की मी गोदामाबाहेर जाऊन उभा राहिलो. तुम्ही निदान तिच्या शेजारी बसून फसवत होतात. मी काय तिला यंत्राकडून फसवू? काय करू ते उलट टपाली कळवा.

तुमचा, काळजीत पण खुशाल असलेला,
भाचा

ता. क. पायडल सोबत परत पाठवतो आहे. शेजारणीचं काय ते तुम्ही निस्तरा.

आणखी एक ता. क. मामी, मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पट्टी अजून निघालेली नाही, आणि आलेलं प्रत्येक पत्र तूच त्यांना मोठ्याने वाचून दाखवतेस, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. (म्हणून वर नुसते गुडघेच विचारले.) तुझ्याशी बोलताना माझी जीभ उचलत नव्हती, म्हणून त्यांच्या नावाने लिहिलं. त्यांना काय बोलायचं ते पट्टी निघाल्यावर बोल, आत्ता त्यांना पळतासुद्धा येणार नाही. खोटा दिवा मी काढून टाकलाय. शेवटची सगळी रांग आता तुझ्या बटणाला जोडली आहे, खरीखुरी. मी मैदान रिकामं बघून किल्ली फिरवेपर्यंत ते बटण लागू होत नाही, तेव्हा डास कितीही येऊ देत. रागावली असशील तर रागाव, पण ये. मामांनाही आण, दिसलं नाही तरी ऐकू येईल. यंत्राला ती रांग मी मुद्दामच शिकवलेली नाही. तू दाबलं नाहीस तर शनिवारी ती नदीकाठी तशीच पडून राहील.