धुतली म्हणून सांगितलेली गोधडी

१० जानेवारी २०१२
हजरतगंजच्या क्लिनिकमधून रिपोर्ट आणला. हातावर टोचून पाहिलं होतं. घरातल्या धुळीतले बारीक किडे, त्यांची गांधी सगळ्यांत मोठी. वीस वर्षांच्या शिंका आणि बंद नाक, सगळं त्यांचंच. सुधा टेस्टसाठी मागे लागायची, मी ऑफिस सांगायचो. ती जाऊन तीन महिने झाले, आता गेलो.
त्याच किड्यांच्या अर्काची इंजेक्शनं. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, तीन वर्षं तरी. वास येणं बंद झालंय, ते परत येईल का विचारलं. डॉ. म्हणाले, आ सकता है, गारंटी नहीं. चालेल.

१७ जाने.
पहिलं. डावा दंड. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, रिअ‍ॅक्शन येते का बघायला. कंपाउंडर तिवारीजींनी विचारलं, साथ में कौन है. कोणी नाही. मग तेच दर पाच मिनिटांनी डोकावत होते.
घरी न्यायला कागद दिला. चादरी, गोधड्या दर आठवड्याला कढत पाण्यात. जुन्या असतील त्या काढून टाका.

२२ जाने.
चादरी, अभ्रे, पडदे धुतले. सु.ची गोधडी नाही. तिच्या जुन्या साड्यांची, तिनेच शिवलेली, शेवटपर्यंत अंगावर होती. साइटवरच्या जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, तोंडाला टेप मारलं, कपाटात वर ठेवली. नाक उघडलं की काढायची.
मृणालचा दिल्लीहून फोन. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीच. आई की गोधड़ी धुलवाई, बाबा? सबसे ज़्यादा कीड़े उसी में होंगे. धुतली म्हणालो.
"अच्छा किया," म्हणाली. मग लगेच फोन ठेवला.

६ मार्च
आठवं. उजवा. दंड सुजला. डाव्या हाताने बर्फ नीट धरता येत नाही.

१५ मे
विजेच्या लाइनच्या कामावर बाहेरगावी होतो, तीन आठवडे चुकले. तिवारीजी रागावले. "बाबूजी, ये मंदिर का प्रसाद नहीं है कि जब मन हुआ ले लिया." डोस मागे नेला. म्हणजे आणखी लांबणार.
घरी येऊन गोधडी पाहिली. एका कडेचं टेप सुटलं होतं. कधीपासून, माहीत नाही. नवं मारलं.

९ ऑक्टो.
वर्षश्राद्ध. मृणाल दोन दिवस आली होती. कपाट को ताला क्यों, विचारलं. ऑफिसचे कागद आहेत म्हणालो. दुसरं खोटं.

१८ डिसें.
महिन्याचं. अर्धा तास बसून बाहेर आलो तर मूंगफलीच्या गाडीपाशी वास आला. भाजलेल्या शेंगांचा. नुसता उभा राहिलो. गाडीवाला म्हणाला, बाबूजी, सूँघने के पैसे नहीं लगते, पर रास्ता तो छोड़िए. पावशेर घेतल्या. विकास नगरला घरी येईपर्यंत पुडी नाकाशी.

१९ डिसें.
रजा टाकली. टेप कापलं.
वास आला. खोबरेल. प्लॅस्टिक. थोडं कुबट. आणि आणखी एक, त्याला नाव देता येत नाही. तो सु.चा की कपाटाचा?
लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. वीस वर्षं नाक बंद. आधीची सहा चांगलं होतं, तेव्हा लक्ष दिलं नाही. तिचा वास कसा होता ते मला माहीत नाही.
मृणालला असेल. लहानपणी तीच आईच्या पांघरुणात घुसायची. पण विचारायचं तर आधी
दोन शिंका. पुन्हा टेप मारलं.

२० डिसें.
सकाळी फोन केला. गोधडी धुतली नव्हती म्हणून सांगितलं. का ठेवली तेही. ओरडेल असं वाटलं होतं. दोनदा हॅलो म्हणालो.
"अब मत खोलना, बाबा. मैं आ रही हूँ."

२२ डिसें.
तिची गाडी चारबागला अकराला, धुक्याने लेट. गोधडी पलंगावर काढून ठेवली आहे, शेजारी कात्री. कालपासून हात लावलेला नाही. त्या दिवशी उघडली तेव्हा किती वास उडाला असेल, कळायला मार्ग नाही.
स्टेशनवर निघतो. तिने आईचा वास ओळखला तर त्यातला नेमका कोणता ते दाखवायला सांगेन. आईचा नाही म्हणाली तर गोधडी कढत पाण्यात टाकायची.