सातव्या घराची वाट

जामबाग, हैदराबाद
२० फेब्रुवारी २०२५

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचे गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात आणि आई तिच्या. तुझी मांजर बेगम तुझ्याच खोलीत बाळंतीण झाली. तिची तिन्ही पिल्लं मजेत आहेत, असं मी फोनवर सांगत आलो. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, तरी हे सावकाश वाच. फोनवर तू काही विचारलंस की मी पुन्हा खोटं बोलेन.

तू पसंत केलेल्या भुऱ्या पिल्लाचे डोळे उघडलेच नाहीत. बाकीच्या दोघांचे उघडले. याच्या मिटलेल्या पापण्या मात्र हरभऱ्यासारख्या फुगल्या. आई म्हणाली, "अहो, सुजायलंय ते. दवाखान्यात दाखवून आणा की."

मी म्हणालो, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते तेव्हा डोळे उघडतात, आणि बेगमचं तर आत्ता कुठे तिसरं चालू आहे. कपाटामागून टोपलीत, टोपलीतून माळ्यावर, मी कौतुकाने पाहत बसलो. मांजराच्या पिल्लाला डॉक्टर, याचं मला हसूही आलं.

तू फोटो मागितलास तेव्हा त्याच्या भावाचा पाठवला. तोही भुराच, तुला काय कळणार होतं. हे लिहिताना फार लाज वाटते.

पापणीच्या फटीतून पू यायला लागला तेव्हा आईने मला विचारलं नाही. पिल्लू पदराखाली घेऊन तिने रिक्षा थांबवली, मी चपला शोधत मागून धावलो. डॉक्टरांनी कोमट पाण्याने पापण्या सोडवल्या. आत किती दिवसांचा पू साठला होता. म्हणाले, "अंकल, बंद आँख फूली तो उसीच दिन लाना था. पहले लाते तो आँखां बच जाते थे." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

एक डोळा काढावा लागला. दुसऱ्यावर पांढरा पडदा आलाय, त्यातून काही दिसत नाही. दोघा भावंडांच्या डोळ्यांत औषध घालतो, ती ठीक आहेत. या वेळी खरंच ठीक आहेत, हवं तर आईला विचार.

होळीला येऊन तू भुऱ्याला बंगळूरला नेणार आहेस. तुझ्याकडे त्याची काळजी माझ्याहून चांगली घेतली जाईल, हे मलाही कळतं. पण पोरी, ते माझ्या आवाजावर चालायला शिकलंय. आई बोलली तर थबकतं. मी बोललो की मान वर करतं, भिंतीला धडकत येतं आणि माझ्या पायावर चढून झोपतं. हे सगळं कुणामुळे झालं, ते त्याला ठाऊक नाही.

तुला ठाऊक झालं. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. फक्त त्याला माझ्याजवळ राहू दे.

मागायचा हक्क नसलेला,
तुझा बाबा