पाळण्यामागे कुणी बसायचं नाही

हे मी माझ्या हाताने लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे, कुणी जबरदस्ती केलेली नाही. घाबरलेय ती उद्याच्या हृदयाच्या ऑपरेशनला. आधीची मृत्युपत्रं रद्द, असं लिहा म्हणाले वकील. वय एकोणतीस, आधीची कुठून असणार?

१. मी सातवी पास. सेटवर कपड्यांना इस्त्री करायला लागले, आज दोन मालिका आणि एक सिनेमा माझा. निर्माती म्हणून माझंच नाव राहील. नवरा दिग्दर्शक आहे, तेवढ्यावर त्याने समाधान मानावं.

२. घर आणि कंपनी माझ्या दीड वर्षाच्या लेकीची. ती मोठी होईपर्यंत दोन्ही ताईने सांभाळायचं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आमचा कपडेपट बघते. लेकही तिच्याकडेच राहील. नवऱ्याने भेटावं, खेळवावं, सेटवर न्यायचं नाही.

का, ते लिहिते. सोमवारी मी तपासणीहून सेटवर आले, तर पोर लाईटखाली पाळण्यात टाहो फोडतेय. नवरा म्हणाला, ठरलेलं बाळ आजारी पडलं, एकच शॉट होता, आपली घरचीच तर आहे. मी तिचा मोजा काढला. तळपायावर नख उमटलेलं.

बाळ वेळेवर रडत नाही, म्हणून पाळण्यामागे लपून चिमटा काढतात. मला कोण शिकवणार? पहिल्या मालिकेत तिथे मीच बसायचे. "हिचा हात बसलाय," म्हणून त्या मालिकेच्या दिग्दर्शक साहेबांनी मला इस्त्रीवरून उचलून सहायक केलं. तिथून वर आले मी.

नवऱ्याला विचारलं, कुणी काढला? तो म्हणाला, "तूच तर शिकवलंस सगळ्यांना."

तोंडात मारल्यासारखं झालं. त्याचा संताप येतो, माझा त्याहून जास्त.

३. माझ्या कंपनीत रडायच्या सीनला बाहुली घ्यायची, आवाज मागून भरायचा. बाळाला चिमटा काढणारा त्याच दिवशी घरी. लेक मोठी होऊन स्वतः "करते" म्हणेपर्यंत तिला कॅमेऱ्यासमोर आणली, तर नवऱ्याने कंपनीत पाय ठेवायचा नाही.

४. मी जिला चिमटे काढले, ती त्या सेटवरच्या शिवणवालीची मुलगी आता नऊ वर्षांची असेल. माझी सोन्याची साखळी तिला. कशाबद्दल, ते ताईने तिच्या आईला खरं सांगायचं.

५. मी वाचले तर हा कागद फाडायचा नाही. कलम तीन मलाही लागू.

ठिकाण: हॉस्पिटल, खाट नंबर सात
११ जुलै २०२३, दुपार
सही: निर्माती

साक्षीदार:
१. गाडीचा ड्रायव्हर
२. मेकअपवाली. बाई, सोमवारी पाळण्यामागे मी होते. सगळं वाचून सही करतेय.